आमचा शिकलेला माड

हसणार नाही असं आधी कबूल करा, तरच सांगते. फजिती चिमूटभर मिठाची, पण गावभर झाली!

आमची सून पूजा गरोदर. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी सांगितलं, "मीठ आयोडीनचंच वापरा, बाळाच्या मेंदूची वाढ नीट होते." झालं! घरातलं मिठागराचं मीठ मी त्याच दिवशी बाहेर काढलं आणि आयोडीनवालं जाडं मीठ आणलं. आमटीला तेच, पेजेला तेच. वर वाडीतल्या बायकांना उपदेश! पाणंदीत मी दिसले की बायका म्हणायच्या, "इली गो मीठवाली, चल त्या वाटेन!"

मग अंगणवाडीत सिस्टरांनी तपासणी ठेवली. घरून चिमूटभर मीठ न्यायचं, त्यावर औषधाचा थेंब. जांभळं झालं तर आयोडीन आहे. सगळ्यांचं जांभळं झालं. माझा उपदेश चुकवणाऱ्यांचंसुद्धा!

माझं? पांढरंशुभ्र.

"आणखी एक थेंब टाका हो!" टाकला. पांढरंच. पूजाचा हात पोटावर गेला. तिचा चेहराच उतरला.

नक्की दुकानदारानं फसवलं! मी तरातरा बस्त्यावच्या दुकानात. मागे सिस्टर, त्यांच्या मागे अख्खी वाडी.

"बस्त्याव, खोटा मीठ इकतंस? माज्या नातवंडाचो तरी इचार कर रे!"

"वैनी, माज्या दुकानात खोटा?" बिचाऱ्यानं नवी पिशवी फोडली. सिस्टरांनी थेंब टाकला.

जांभळं!

सिस्टरांनी हळूच विचारलं, "काकी, घरी नेल्यावर मिठाचं काय करता?"

"काय करणार? रोवळीत घालून दोन पाण्यांनी स्वच्छ धुते, मग उन्हात वाळवते. मिठागराच्या मिठात रेव असायची ना, हाताला सवयच ती."

"अहो, आयोडीन खड्यांच्या वरच असतं! धुतलं की गेलं पाण्याबरोबर."

"आणि ता पाणी खंय ओततास?" बस्त्यावनं विचारलं.

"परसातल्या माडाक."

"मगे नातवाआदी तुमचो माडच हुशार होतलो!"

हसून हसून बायका दुकानाच्या पायरीवर बसल्या. पूजासुद्धा हसली, तेव्हा कुठे मला बरं वाटलं. सिस्टरांनी तिला धीर दिला, "आजपासून न धुता वापरा, काळजी करू नका." मी बस्त्यावची माफी मागितली. त्यानं नवी पिशवी हातात ठेवत बजावलं, "धुव नकात हां!"

परवा परसात कपडे वाळत घालत होते. धप्पकन नारळ पडला, अगदी माझ्या बाजूला!

पूजा दारातून म्हणाली, "बगलास आई? तुमका बगून बाजूक टाकल्यान. शिकलेलो आसा!"

असणारच! त्याची शिकवणी मीच घेतली होती ना!