आमच्या ह्यांची वाफेची इस्त्री

घरात मोठं आजारपण आलं की औषधांच्या पिशव्या साठतात, रिपोर्ट साठतात आणि त्यांच्याबरोबर किस्सेही साठत जातात. भेटायला येणारे बिस्किटचा पुडा टेबलावर ठेवतात, "आता कसं हाय?" विचारतात. मी "बरं हाय" म्हणते आणि चहा टाकते. खरं सांगायचं तर बरं काही नाही. पण हसण्यासारखं बरंच आहे! तुम्ही सगळ्या आपल्याच, आणि आमचे हे आत झोपलेत, तोवर सांगून घेते.

आमचे हे उदगीरच्या मोंढ्यात धान्याचे दलाल. दुपारपर्यंत सगळा मोंढा धुळीनं मातकट होतो, पण ह्यांचा शर्ट पांढराच. खळ दिलेला, कडक इस्त्रीचा. पोत्यावर बसायचे तेही रुमाल अंथरून! दोनेक वर्षांपूर्वी किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा लातूरला डायलिसिस सुरू झालं. सकाळी निघायचं आणि संध्याकाळी पार पिळून निघाल्यासारखं परत यायचं. मधूनच हे म्हणतात, "बस झालं आता. न्हाई जायचं." नाही गेलं तर काय होतं, ते डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलंय. तेव्हापासून माझं काम एकच, ह्यांना गाडीत बसवायचं. बाकी घर इकडचं तिकडं झालं तरी मी बघत नाही.

* * *

पहिल्याच दिवशी दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "काका, पुढच्या खेपेपासून ढगळ टी-शर्ट घालून या. ही बाही वर जात नाही."

हे म्हणाले, "मी माणसांत आलोय बाई, शेण काढायला न्हाई!"

मग टेलरकडं गेले. सगळ्या शर्टांच्या डाव्या बाह्या मनगटापासून खांद्यापर्यंत उसवून घेतल्या आणि तिथं टिचबटणं लावून घेतली. बाही उघडली की हात मोकळा, मिटली की शर्ट जसाच्या तसा. सिस्टर खूश झाली.

पण गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला हे सांगायचं राहून गेलं. त्यानं कोळशाची जड इस्त्री त्या बटणांवरून रगडून फिरवली. पुढच्या खेपेला वॉर्डात बटणं उघडेचनात! सिस्टर सुई धरून उभी, मी एका बाजूनं ओढतेय, वॉर्डबॉय दुसऱ्या बाजूनं. शेवटी सिस्टर म्हणाली, "कात्री आणा."

"आधी बोट काप माझं," हे म्हणाले.

* * *

मग ठरलं, इस्त्री घरीच करायची. पण साधी इस्त्री ह्यांना उचलवेना. चार हात मारले की धाप लागायची. मी करून दिलेली आवडायची नाही. कॉलर बघून नुसतं "हूं" करायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या "हूं"चा अर्थ मला कळतो!

पुण्याहून आमच्या लेकानं, महेशनं, मशीन पाठवलं. स्टीम स्टेशन. खाली पाण्याची मोठी टाकी, त्यातून निघालेली जाड नळी आणि नळीच्या टोकाला हलकी इस्त्री. खुर्चीवर बसूनसुद्धा चालवता येते. बटण दाबलं की फुस्सकन वाफ येते. जागा नव्हती म्हणून ते ह्यांच्या पलंगाजवळच मांडलं.

त्याच दिवशी निलंग्याहून माझ्या नणंदबाई आल्या. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. दारातूनच त्यांना दिसलं, भाऊ पलंगावर पडलेला, शेजारी मशीन, नळी, लाल दिवा आणि वर वाफ. अक्कांनी दोन्ही हात जोडले आणि जागच्या जागी रडायला लागल्या. "शिवा, मशीन घरीच बसवलं का रे? इतकं वाढलं का?"

मी सांगायला तोंड उघडलं. ह्यांनी मला डोळ्यानं गप्प केलं, डावा हात पुढं केला आणि बारीक आवाजात म्हणाले, "हाव अक्का. रक्त तापून राहिलंय."

अक्कांनी पिशवीतली विभूती काढून आधी ह्यांच्या कपाळाला लावली, मग मशीनला. अजून पुसलेली नाही. पुसू देत नाहीत.

* * *

पहिले काही दिवस मी टाकीत बोअरचं पाणी ओतलं. आपलं पाणी तुम्हाला माहीतच आहे, तांब्यात ठेवलं की कडेला पांढरा थर धरतो. इस्त्रीनं ते सगळं शर्टावर थुंकून ठेवलं. तेव्हापासून मशीनला जारचं फिल्टरचं पाणी.

आणि ह्यांना पाणी मोजून. डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. लघवी होत नाही, प्यालेलं सगळं अंगातच राहतं, पाय सुजतात, छातीत पाणी भरतं. उन्हाळ्यात तर ओठांना ओलं फडकं लावून बसायचे. असेच बसले होते आणि मी त्यांच्यासमोर टाकीत गडवाभर पाणी ओतलं. ओतताना माझा हात थांबला. कळायला हवं होतं मला, दुसऱ्या खोलीत नेऊन भरायला हवं होतं.

ते टाकीकडं बघत म्हणाले, "भर, भर. ती पिती तेवढं सगळं बाहेर टाकती. तिला मिळणारच."

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तोंड धूत उभी राहिले.

* * *

वॉर्डात ह्यांच्या शेजारच्या पलंगावर कांबळे गुरुजी असायचे. मूळचे भोकरकडचे, रिटायर होऊन लातूरला मुलाकडं राहायचे. ह्यांची बाही बघून त्यांनीही तसलीच शिवून घेतली. मग दोघांचं चालायचं. गुरुजी म्हणायचे, "दलालसाहेब, तुमची कॉलर आज जरा पडलीय." हे म्हणायचे, "गुरुजी, तुमची तर कधी उभीच न्हवती!"

पौर्णिमा जवळ आली होती. गुरुजींना वंदनेला विहारात जायचं होतं. त्यांनी आपला पांढरा शर्ट पिशवीत घालून आणला. "तुमच्या मशीनचं लई कौतुक ऐकून राहिलो. एकदा दाखवा तरी."

ह्यांनी तो शर्ट सगळी दुपार खपून केला. दोन बाह्यांच्या मध्ये दोनदा पडून विश्रांती घ्यावी लागली. हँगरला लावून, वर प्लास्टिक घालून तो गाडीतून लातूरला नेला. चुरगळू नये म्हणून मांडीवर आडवा धरून.

गुरुजींच्या पलंगावर दुसराच माणूस होता. सिस्टर म्हणाली, "गुरुजी दुसऱ्या शिफ्टला गेले, काका." त्या वॉर्डात दुसऱ्या शिफ्टला गेलेला माणूस कधी परत दिसत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे. ह्यांनाही.

डायलिसिसवरून उठल्यावर उभं राहवत नव्हतं, तरी पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. गुरुजींचा मुलगा प्रशांत दारात आला. ह्यांनी हँगर त्याच्या हातात दिला आणि नुसतं म्हणाले, "इस्त्री मोडली न्हाई बघा."

गुरुजींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला प्रशांत तोच शर्ट घालून उभा होता. डाव्या बाहीला खांद्यापर्यंत टिचबटणं! हे त्याच्याजवळ गेले, दोन बोटांनी कॉलर सरळ केली आणि माघारी फिरले.

* * *

त्यानंतर ह्यांच्या डोक्यात नको ते शिरलं. आपल्या लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. आंघोळ, विभूती, हार, आणि बसवलेलंच पुरायचं. हे लहानपणापासून बघितलंय आपण, त्यात नवीन काही नाही.

एकदा मठाचे स्वामी घरी भेटायला आले. पाद्यपूजा झाली, दूध दिलं. स्वामी म्हणाले, "काही शंका हाय का मनात?" त्यांना वाटलं, हे मरणाबद्दल, देवाबद्दल काही विचारतील.

हे म्हणाले, "स्वामी, बसवल्यावर शर्ट पोटावर चुरगळतो. त्याला काय करावं?"

स्वामींनी दुधाचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "वर हार असतो की. दिसत न्हाई."

"मग ठीक हाय," हे म्हणाले आणि निवांत टेकून बसले.

मला त्या दिवशी असा राग आला! स्वामींचा आला, ह्यांचा आला, त्या मशीनचाही आला. मी वायर गुंडाळून मशीन माळ्यावर टाकायला निघाले होते. पण ते बंद केलं तर हे लातूरला कशाच्या जोरावर जातील? शर्ट तयार झाला की तो घालून कुठंतरी जावंसं वाटतं माणसाला. मी वायर परत सोडली.

* * *

आता परवाचं ऐका. आदल्या दिवशी शर्ट केला नाही. हाक मारली तर भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "उद्या जायचं न्हाई. ह्या येळंला खरंच न्हाई. महेशला सांग."

मी महेशला काही सांगितलं नाही. झोप कुठली लागतेय! सकाळी फुस्स फुस्स आवाज आला म्हणून धावत गेले. मनात म्हटलं, बदलला बेत, शर्ट करून राहिले.

शर्ट नव्हता. माझी इरकल होती. मोतिया रंगाची, लाल काठाची, वर्षानुवर्षं पेटीत घडीवर पडलेली. आजवर ह्या माणसानं माझा रुमालसुद्धा कधी इस्त्री केला नव्हता. खुर्चीवर बसून, जीभ दाताखाली धरून, काठावरून हळूहळू इस्त्री फिरवत होते. कपाळावर घाम.

मी म्हटलं, "ही कशाला काढली?"

"लोकं येतील," वर न बघता म्हणाले. "तू चोळामोळा दिसू नगस."

कुठली लोकं, कशाला येतील, ते मला कळलं. वाटलं, ती साडी हिसकावून घ्यावी आणि फाडून टाकावी. पण मी ती घेतली, आत गेले आणि नेसले. नीट नेसले. केस विंचरले. बाहेर गाडी येऊन उभी होती. मी ह्यांच्यासमोरून गेले, मागच्या सीटवर बसले आणि ड्रायव्हरला सांगितलं, "चालूच ठेव."

किती वेळ बसले ठाऊक नाही. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघत होता, मी दाराकडं.

हे आले. भिंतीला धरत, पायऱ्या मोजत आले. अंगात बनियन आणि चुरगळलेली लुंगी! आमच्या लग्नापासून ह्या माणसानं त्या अवतारात उंबरा ओलांडलेला नाही. शेजारणीच्या हातातला झाडू थांबला. हे गाडीत बसले, माझ्या पदराची एक निरी सरळ केली आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

वॉर्डात सिस्टरनं सुई हातात घेतली आणि थबकली. "काका! आज शर्ट कुठाय?"

ह्यांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

"काय करावं बाई, सगळी वाफ हिच्यावरच संपली."