सहा माशांची टाकी

आमच्या घरातली काचेची टाकी अडीच फूट लांब आहे आणि तिच्यात सहा मासे आहेत. घरी येणारा माणूस चहा येण्याआधीच विचारतो, एवढ्या मोठ्या टाकीत सहाच का? उत्तर माझ्या पत्नीनं द्यायचं असतं, कारण टाकी तिची आहे. ती "पुरे आहेत" एवढंच सांगते.

आम्ही अर्जुनी मोरगावला राहायला आलो, तेव्हा ही टाकी आली. पहिल्या खेपेला तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं. कामासाठी गोंदियाला जाणं व्हायचं, आणि प्रत्येक फेरीत ती दुकानातून मासे आणायची. आधी काळ्या मॉली, मग गोल्डफिश, मग रंगीत शेपटीचे गप्पी. दर वेळी टाकी आधीपेक्षा छान दिसे आणि दर वेळी कुठल्या तरी कोपऱ्यात जागा उरल्यासारखी वाटे. मग पाणी गढूळलं. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. घाबरून तिनं सगळं पाणी एकदम बदललं आणि उरलेसुरले मासे त्यात गेले. अंगणातल्या पपईच्या बुडाशी तिनं ते पुरले आणि टाकी धुऊन पालथी घातली.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती माहिती घेऊन. माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि ते ठरावीक संख्येच्या माशांचीच घाण पचवतात. पाणी थोडं थोडं बदलायचं असतं. तिच्या हिशेबानं या टाकीला सहा गुरामी पेलतात. हेही मेले तर टाकी विकून टाकायची, असं तिनं मला स्वयंपाकघरात भाजी चिरताना सांगितलं. पुन्हा एकदा मासे पुरण्याची तिची तयारी नव्हती.

मोह मात्र गेला नाही. गोंदियाच्या दुकानात माशांचं खाद्य घ्यायला जावंच लागतं. दुकानदार तिला ओळखतो.

"भाभीजी, अभी भी छे ही? टंकी रो रही होगी आपकी."

"रोने दो. पानी तो साफ है."

"दो जोड़ी और डाल दो, कुछ नहीं होता. मेरी गारंटी."

"गारंटी मछली को दो, मुझे नहीं."

असं बोलून ती दुकानातल्या टाक्यांसमोर बराच वेळ उभी राहते. निळ्या पाठीच्या माशांची एक टाकी आहे, तिथे जास्तच. मी अशा वेळी दुकानाबाहेर मोटरसायकलपाशी थांबतो. हात शिवशिवला की ती पाणवनस्पतीची एक जुडी विकत घेते. त्यामुळे आमच्या टाकीत मासे तेवढेच राहिले आणि हिरवळ वाढत गेली.

ही शिस्त अडचणीत आली ती तिच्या वडिलांमुळे.

माझे सासरे बोदलकसा जलाशयाजवळच्या गावात राहतात. त्यांचं आयुष्य मासेमारी सोसायटीत गेलं. लेकीकडे ते रिकाम्या हातानं कधी आले नाहीत. पिशवीत मासे असायचेच, ताजे नाहीतर वाळवलेले. लेकीनं मासे पाळल्याचं फोनवर कळलं, तेव्हा ते इतकंच म्हणाले होते, "खाचे नाही, तं पोसून कायले राहिली?" पण ते त्यांच्या मनात राहिलं असावं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते गोंदियाला गाडी बदलून आमच्याकडे आले, तेव्हा त्यांच्या मांडीवर हवा भरलेली प्लास्टिकची फुगीर पिशवी होती. आत रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं. सोसायटी तळ्यात सोडते तीच. सौंदड स्टेशनपासून गाडीतला एक प्रवासी ती मुलांसाठी विकत मागत होता, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं.

घरात शिरताच त्यांनी टाकीचं झाकण उचललं.

"बाबा, थांबा," पत्नी म्हणाली. "यात नाही सोडाचे."

"काऊन वं? पानी पडीत पाडून ठेवलं तू. इतकी जागा आहे."

त्यांच्या बोलण्यात चूक नव्हती, त्यांच्या कामाच्या हिशेबानं. त्यांच्या भागात पाऊस झाला की तळ्यात, शेतातल्या बोडीत, म्हणजे छोट्या तलावात, माशांचं बीज सोडतात. भरलेलं पाणी माशांवाचून ठेवणं म्हणजे भाताची बांधी रोवणीविना पडीक ठेवणं. काचेची टाकी त्यांच्या लेखी एक लहान बोडीच होती.

"बोडीत दाट सोडले तं वाढत नाही, हे तुमीच सांगत होते ना?"

"बोडीत मी रोज दाना टाकतो का? तू इथं टाकून राहिली. मंग कायची कमी?"

"दाना टाकते म्हनूनच पानी खराब होते, बाबा. बोडीत पानी येते, जाते. इथं आहे तेच आहे. माहे सहाही मरतीन."

सासरे माझ्याकडे वळले. "जवाईबापू, तुमी तरी सांगा हिले. पोरीच्या घरी आनलेली वस्तू वापस नेतो का कोनी?"

पत्नीनं बापाचा हात धरला नाही. ती फक्त टाकीसमोर जाऊन उभी राहिली, पाठ काचेला टेकवून. पिशवीतली पिल्लं एका कोपऱ्यात गोळा झाली होती. सासऱ्यांनी पिशवी उजेडात धरून पाहिली. पिशवीतल्या हवेवर पिल्लं फार वेळ तगणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

"माह्या हातानं मी हे पिल्ले मारत नाही," ते शेवटी म्हणाले. "पानी दाखव कोठं."

आम्हाला दूध घालणाऱ्याची गावाबाहेर बोडी आहे. त्याला फोन केला. त्यानं "सोडा ना, इचारता काय" म्हटलं. आम्ही तिघं गेलो. सासऱ्यांनी धोतर वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यात उतरले. पिशवी आधी तशीच पाण्यावर तरंगत ठेवली, मग तोंड सोडून बोडीचं पाणी थोडं थोडं आत घेतलं, मग तिरपी केली. पिल्लं दिसेनाशी झाली. पत्नी बांधावर उभी होती. परतताना ती वडिलांच्या मागून चालली.

त्या दिवशी सासरे जेवले, पण कमी. लेकीनं दुसऱ्यांदा वाढायला घेतलं तर ताटावर हात धरला. तिनं आग्रह केला नाही.

सकाळी त्यांची गाडी होती. कपड्यांची पिशवी भरून ते बाहेरच्या खोलीत आले आणि टाकीसमोर उकिडवे बसले. गुरामी पानांमधून काचेपाशी आले, माणूस दिसला की ते येतात. सासऱ्यांनी बराच वेळ पाहिलं. मग स्टँडवरची खाद्याची डबी उचलली, उघडली, तिच्यात बोटं घातली आणि थांबले.

"बाई," त्यांनी आतल्या दिशेनं हाक मारली, "किती टाकू?"

ती पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "चिमूटभर. तुमच्या नाही, माह्या चिमटीएवढं."

त्यांनी बोटांतलं निम्मं खाद्य परत डबीत झटकलं.

"एवढ्यानं पोट भरते यायचं?"

"भरते."

त्यांनी उरलेलं पाण्यावर सोडलं.