मिसरूड

केतकीचे दोन्ही हात गुंतलेले असतात, एकात केस काढायच्या मशीनची, ओल्या फडक्यात गुंडाळलेली धातूची दांडी, दुसऱ्यात त्याचीच विजेची सुई. म्हणून आरसा मी धरते. खिडकीतल्या उजेडात माझी लेक ओठावरच्या एकेका केसाच्या मुळाशी सुई घालते, बटण दाबते आणि दात आवळून थांबते. मग चिमट्यानं केस निघतो. मागे लाल ठिपका उरतो.

तिच्या जुळ्या भावाच्या ओठावर असेच चार केस दिसले, तेव्हा सासूबाईंनी त्याची हनुवटी धरून घरभर दाखवलं होतं, "बघा, मिसरूड फुटलं आमच्या राजाला." किती लाडका शब्द आहे, परसात काही उगवल्यासारखा. केतकीच्या केसांना तसा शब्दच नाही. सासूबाई नुसतं 'ते' म्हणतात, तेही आवाज खाली आणून. मशीनच्या खोक्यावर 'अनावश्यक केसांसाठी' असं छापलंय. कुणाला अनावश्यक, हे मी अजून कुणालाही विचारलेलं नाही. सासूबाईंचा राग येतोच, पण त्याहून जास्त माझा येतो. ते खोकं मीच आणलं, तिनं मागितलं नसताना.

"आई, आरसा हलतोय गं," केतकी म्हणाली.

मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.