फ्रीजरमधले मोदक

"महाराज, आडनाव काय म्हणालात तुमचं?"

काकूंनी विचारलं तेव्हा माझ्या हातात विसावा मोदक होता. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधलं त्यांचं घर, गणपतीचा पहिला दिवस. रेस्टॉरंटच्या मालकांनी मला घरी जाऊन स्वयंपाक करायला पाठवलेलं. आचारी असला की तो महाराज, आणि महाराज म्हणजे ब्राह्मण, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. आडनाव मी म्हणालोच नव्हतो. तरी सांगितलं. खरं तेच. हाताला उकड चिकटलेली, कळ्या पाडत होतो, डोक्यात दुसरं काही नव्हतं.

 काकू हसून म्हणाल्या, "मोदक सुरेख झालेत हो. हे आपण पाहुण्यांना वाढू. नैवेद्याला माझ्याकडे आहेत."

फ्रीजरमधून त्यांनी इंडियन स्टोअरचं पाकीट काढलं आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केलं. ते मोदक कुठल्या कारखान्यात कुणी वळले, त्यांना ठाऊक नव्हतं. माझं ठाऊक झालं, एवढाच माझा गुन्हा. आरतीनंतर त्यांच्या मुलीनं दोन्ही चाखले. "मॉम, हिज आर वे बेटर," म्हणाली. काकूंनी तिला बाहेर खेळायला पाठवलं.

मी एकविसावा मोदक वळला होता. का वळला, कुणास ठाऊक.

रविवारी कॉलिंग कार्डावरून आईला फोन केला. ती नुकतीच गावच्या शाळेत खिचडी शिजवायला लागली होती. वरच्या आळीतली पोरं तिच्या हातचं खात नाहीत, घरून डबा आणतात, म्हणाली. मग विचारलं, "तिकडं असलं काही नसतं ना रं?"

"नाही," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि रडलो. रेस्टॉरंटच्या वरच्या खोलीत मी एकटाच राहायचो. तीन वर्षं झाली होती अमेरिकेत, आणि मला नावानं हाक मारणारं एक माणूस नव्हतं.

मालक आपल्याकडचेच, मराठी. माझा व्हिसा त्यांच्या हातात. काकूंनी माझ्या आडनावावरून फोन केला म्हणून ते चिडलेसुद्धा नाहीत. "खरं बोलून काय मिळालं? यापुढे जोशी सांग," म्हणाले, आणि जानव्याचं पाकीट पुढं टाकलं. "गळ्याशी दिसू दे जरा."

मी घातलं. लपवत नाही, घातलं. नवरात्रात तीन घरी रांधलं. एका घरी एक काका जेवून उठताना म्हणाले, "जोशी, ब्राह्मणाच्या हाताची चव लपत नाही." मी हात जोडले. एवढी लाज मला काकूंच्या घरीही वाटली नव्हती. काकूंनी माझे मोदक बाजूला सारले होते. इथे माझ्या आईला मीच बाजूला सारलं होतं.

दिवाळीत मराठी लोकांचं मोठं जेवण होतं, एका शाळेच्या हॉलमध्ये. वाढायच्या आधी मालकांनी मला "आमचे जोशी महाराज" म्हणून पुढं बोलावलं. टाळ्या पडल्या. मी शर्टातून जानवं काढलं आणि भाताच्या भांड्याशेजारी ठेवलं.

"मी जोशी नाही," म्हणालो. आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. आई शाळेत खिचडी शिजवते, तेही सांगितलं.

कुणी ओरडलं नाही. काही जण ताटं घेऊन रांगेत आले, काहींना अचानक घरची कामं आठवली. काकू हातातल्या रिकाम्या ताटाकडे बघत उभ्या होत्या. त्या जेवल्या की नाही, मी पाहिलं नाही.

नोकरी गेली, खोली गेली. व्हिसाचं काय होणार, माहीत नव्हतं. आईला फोन करून सगळं खरं सांगितलं.  ती म्हणाली, "मी खिचडी सोडणार न्हाई. तू बी सोडू नको."

पुढे दुसऱ्या एका रेस्टॉरंटनं कामाला घेतलं आणि व्हिसाचं निभावलं. आता कुठल्याही किचनमध्ये गेलो की आधी आडनाव सांगतो, मग एप्रन बांधतो. गणपतीची ऑर्डर घेताना एकच विचारतो, देवापुढं माझेच मोदक जाणार ना? नसतील जाणार, तर मी उकड काढत नाही. फ्रीजर त्यांच्याकडे आहेच.