हिरालालची मूठ

आनंदरावांची पहिली ओळख झाली ती हिरालालच्या आवाजाशी. माणूस नंतर दिसला. सत्तावीस वर्षांपूर्वी पोलाद कारखान्याच्या मिलमध्ये, साठ फूट उंचावर, क्रेनच्या केबिनमध्ये बसून ते चहा पीत होते. खालून नव्या खलाशाने, म्हणजे क्रेनला माल अडकवून देणाऱ्या गड्याने, ‘ओ क्रेनवाले भाऊ’ अशी साधी हाक मारली. चहा सांडला. छपरातली कबुतरं उठली ती थेट दुर्ग स्टेशनवर जाऊन बसली आणि खुर्सीपार वस्तीतल्या एका म्हशीने तीन दिवस पान्हा चोरला. म्हशीचं आनंदराव शपथेवर सांगतात. मोठ्या आवाजाने जनावर बिचकलं की दूध सोडत नाही, हे खरंच आहे. फक्त ती म्हैस दोन कोसांवर होती.

पण मिल सुरू झाली की असला आवाजही कामाचा नसे. लालबुंद लोखंड रोलमधून निघताना जो गडगडाट होई, त्यात माणसं हातांनीच बोलत. मूठ वर म्हणजे थांब. बोटं वळवळली म्हणजे हळूहळू. तळवा ढकलला म्हणजे मागे. हिरालालच्या हातावर नजर ठेवून आनंदरावांनी वीस-वीस टनांची ओझी उतरवली, आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या नखालाही धक्का लागला नाही.

आनंदरावांचे कान मात्र मिलने खाल्ले. डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत गवतासारखे बारीक तंतू असतात. रोज आवाजाखाली तुडवले गेले की आडवे होतात, पुन्हा उगवत नाहीत. हिरालालची बडबड निम्मीच ऐकू येऊ लागली, एवढंच दुःखात सुख.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये दोघांनी एलटीसी, म्हणजे कारखान्याची प्रवास-सवलत, घेतली आणि बायकांसह मनालीच्या वर बर्फ बघायला गेले. निघण्याआधी कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर 2 मधल्या, झाडून सगळ्यांनी हिरालालला बजावलं होतं, की तिकडे बोलू नको, डोंगर अंगावर येईल. गाईडने समजावून पाहिलं. ओरडण्याने बर्फ येत नाही म्हणाला. ताजा बर्फ जुन्याला नीट चिकटलेला नसतो, वारा त्यावर भर टाकतो, ऊन त्याला ढिला करतं, मग एका माणसाचं वजन पुरतं. हिरालालला पटलं नाही. आपल्या आवाजाबद्दल त्याला फार आदर होता. दोन दिवस त्याने तोंड उघडलं नाही. त्याची बायको रंभा आनंदरावांच्या रुक्माला म्हणाली, “इथंच क्वार्टर भेटन का वं?”

तिसऱ्या दिवशी दुपारी, ऊन तापलेलं असताना, नात दीक्षासाठी फोटो काढत आनंदराव दोरीपलीकडे गेले. डोळे मोबाईलमध्ये, वर फुगलेला कोरा उतार. गाईड ओरडला, रुक्मा ओरडली, अर्धी बस ओरडली. आनंदरावांना वाटलं, काय शांत जागा आहे. आणखी पाच पावलं, की ते उताराच्या मधोमध असते.

त्यांनी मोबाईल खाली घेतला, तर समोरच्या वळणावर हिरालाल. गुडघाभर बर्फातून धावत, त्यांच्या नजरेत येईल अशा जागी पोचलेला. तोंड घट्ट मिटलेलं, मूठ वर.

आनंदराव जागीच थांबले. का, हे मनातही आलं नाही. पंचवीस वर्षांत कधी आलं नव्हतं. पायापाशी बर्फात एक बारीक भेग सरकत गेली. हिरालालची बोटं वळवळली. तळवा मागे. आपल्याच पावलांच्या खळग्यांत पाय ठेवत, मोठं ओझं उतरवावं तसं आनंदरावांनी स्वतःला मागे आणलं. दोरीच्या अलीकडे हिरालालही येऊन पोचला, तेव्हा कुठे त्यांनी मोबाईल खिशात टाकला.

“आवाज कावून नाही देल्ला बे?” त्यांनी विचारलं.

हिरालालने डोंगराकडे एकवार पाहिलं, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला, “पहाड आला असता ना, भाऊ.” आनंदरावांना अर्थातच ते ऐकू आलं नाही. रंभाने पुन्हा ओरडून सांगितलं.

तेव्हापासून टपरीवर पहिला चहा हिरालालला, हा आनंदरावांचा नेम आहे. मिलमध्ये नवं पोरगं आलं की ते त्याला हिरालालसमोर नेऊन उभं करतात. “याच्या तोंडाकडे पाहू नको, हाताकडे पाह. मी आज इथं बसून राहिलो ना, ते त्या हातामुळं.” मिलच्या गोंगाटालाही ते आता शिव्या देत नाहीत. कान नेले त्याने, पण हाताची भाषा त्यानेच शिकवली, म्हणतात. हिरालाल लाजतो, आणि लाज लपवायला भज्यांची ऑर्डर देतो, ती पार गावाबाहेरच्या जुनवानीपर्यंत पोचते.

हिरालालच्या मुलाने, मोहितने, त्या जूनमध्ये गाईडला फोन करून विचारलं, त्या उताराचं पुढे काय झालं. काहीच झालं नव्हतं. बर्फ मे महिन्यात जागच्या जागी वितळून गेला.