जेसी म्हणजे जॅनेट

पोर्टगेली या कोळ्यांच्या गावात जेमसायना फिंडलेला जेमसायना म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. गावच सगळं फिंडले. बंदराच्या उतारावर डोळे मिटून दगड भिरकावला तर फिंडलेच्याच डोक्यात बसायचा. म्हणून घराघराला आडनावापुढे एक टोपणनाव, अगदी मतदारयादीतसुद्धा. जेमसायनाची झालेली ही आयना, ती ‘डोझी’. तिचा मावसभाऊ अ‍ॅलेक, तो ‘कॉर्क’.

आयनाला नावं हुडकायचा नाद आणि तोंड महाफटकळ. उन्हाळ्यात कॅनडाहून लोक आपले पूर्वज शोधत यायचे. त्यांना चर्चच्या जुन्या वह्यांसमोर बसवून ती चांगलं झाडायची. “टिबी शोधताय? जन्मभर शोधा! टिबी म्हणजे इझाबेल. एपी म्हणजे एल्स्पेथ. आणि जेसी म्हणजे जॅनेट, हे इथल्या मांजरांनाही ठाऊक आहे.” बिचारे निमूट लिहून घ्यायचे.

त्या मार्चमध्ये तिची आई गेली, त्र्याण्णव वर्षांची. सगळं गाव तिला जेसी म्हणायचं. तिची एकच इच्छा होती. चर्चमागच्या समुद्राकडच्या दफनभूमीत आजोबांनी एक जागा घेऊन ठेवली होती, तिथं तिला पुरावं. ती दफनभूमी केव्हाच भरलेली. आता बाकीचे सगळे हमरस्त्यालगत, पेट्रोल पंपामागच्या नव्या जागेत जायचे. आजोबांच्या जागेचा कागद अ‍ॅलेककडे होता आणि त्यावर नाव होतं फक्त ‘जॅनेट फिंडले’. पुढे टोपणनाव नाही.

दफन गुरुवारी ठरलं. सोमवारी अ‍ॅलेक तिच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, टोपीही न काढता.

“दफनभूमीच्या कारकुनाचा फोन आला होता मला. जागा जॅनेटची आहे. मेली आहे जेसी.”

“अरे गाढवा, जेसी म्हणजेच जॅनेट!”

“असेल. पण मृत्यूच्या दाखल्यावर जेसी आहे. आणि खाली सही कोणाची आहे? बघ जरा.”

तिनं ड्रॉवरमधून दाखला काढला. सही तिचीच होती. दोन रात्रींच्या जागरणानंतर नोंदणी कार्यालयातल्या बाईनं नाव विचारलं आणि जिभेवर जे होतं ते तिनं सांगून टाकलं. लोकांना ज्या चुकीसाठी तीस वर्षं फाडून खाल्लं, तीच चूक तिनं आईच्या बाबतीत केली होती. शरमेनं तिचे कान तापले आणि अ‍ॅलेकचं ते हसरं थोबाड किटलीनं फोडावंसं वाटलं.

मंगळवारी ती जन्माचा उतारा घेऊन त्याच्या दारात. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, जॅनेट फिंडले.

अ‍ॅलेकनं तो चष्म्याशिवायच वाचल्यासारखं केलं. “बरं. पण आजीचं नाव काय होतं? जॅनेट. माहेरची फिंडले, सासरची फिंडले. कागदावरची जॅनेट आजी आहे. आणि आजीची रिकामी राहिलेली जागा थोरल्या मुलीची. माझ्या आईची.”

“तुझी आई अजून जिवंत आहे, कसाया!”

“पंच्याण्णवची आहे. तिला मी पंपामागं नाही टाकणार.”

“मग तिलाच विचारू, आजोबांनी जागा कोणासाठी घेतली ते.”

“तिला त्रास द्यायचा नाही!”

पण आयना त्याला कोपरानं ढकलून आत शिरलीसुद्धा. अ‍ॅलेकची आई, नॅन मावशी, खिडकीशी बसली होती. दोघी बहिणी चाळीस वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. का, ते आयनाला आईनं कधी सांगितलं नाही.

“मावशी, समुद्राकडची जागा कोणत्या जॅनेटची? आजीची की माझ्या आईची?”

“आई, तू काही बोलू नकोस,” अ‍ॅलेक म्हणाला.

“तू गप रे. ऐकलंय मी सगळं, भिंती पातळ आहेत.” म्हातारीनं आयनाकडे पाहिलं, त्या नजरेत माया नावालाही नव्हती. “जागा तुझ्या आईची. चौदाव्या वर्षी तिची छाती बिघडली. डॉक्टर म्हणाले, वसंत काही बघत नाही ही. बापानं होडी गहाण टाकून जागा घेतली. दूध तिला, अंडी तिला, शेगडीजवळची खाट तिला. आणि मला सोळाव्या वर्षी दूर यारमथ बंदरात हेरिंग मासे चिरायला पाठवलं, त्या दुधासाठी. ही बघ बोटं.” तिनं हात पुढे केले. दोन बोटं वाकडीच राहिली होती. “आणि ती मेलीच नाही! त्र्याण्णव वर्षं जगली!”

आयना म्हणाली, “आईनं मला हे कधीच…”

“तिला कुठं ठाऊक होतं, जागा कशासाठी घेतली ते? तिला सांगायचं नाही, दुखणं वाढेल, असं आई म्हणायची. मग नाहीच सांगितलं.”

“आई, अगं ती जागा तुझ्यासाठी…” अ‍ॅलेक मध्ये पडला.

“मी तिच्या शेजारी झोपू? मला पंपामागं टाक. तिथं ती नसेल.” नॅननं हात पुढे केला. “अ‍ॅलेक, आण तो जागेचा कागद. आयना, ‘ही जॅनेट म्हणजे जेसी’ असं खाली लिही. सही कुठं करायची?”

अ‍ॅलेकनं कागद आणला. आयनानं तसं लिहिलं आणि सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं. म्हातारीनं वाकड्या बोटांत पेन धरलं, ‘अ‍ॅग्नेस फिंडले’ असं आपलं खरं, पूर्ण नाव सावकाश लिहिलं आणि कागद परत तिच्याकडे लोटला.

“गुरुवारी माझी वाट बघू नका,” ती म्हणाली, “आणि दगडावर जॅनेटच कोरा. जेसी हे लहानपणी मी तिला ठेवलेलं नाव होतं.”