घळीत जायचं कशाला?

आमच्या शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एक घळ आहे. दोन्हीकडे काळा खडक, मधून गुडघाभर पाणी, आणि शेवटी हिरवागार डोह. पण तो मी पाहिलेलाच नव्हता ना! माझा धुळ्याचा आतेभाऊ मात्र आदल्या वर्षीच्या भरीत पार्टीला मोठ्यांचा डोळा चुकवून एकटाच पुढे जाऊन पाहून आला म्हणे. मी तेव्हा सगळ्यांच्या चपला राखत बसले होते. मग काय, वर्षभर त्याचं एकच, "तू चपलाच राख!"

म्हणून त्या हिवाळ्यात मी ठरवलंच, डोह गाठायचा म्हणजे गाठायचा. तेव्हा मी कॉलेजला होते. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्यांवर वांगी भाजायला ठेवली आणि मी सलवार खोचून तयार.

पण घळीच्या तोंडाशी नाना, म्हणजे माझे मोठे काका, आडवे उभे. त्यांना विचारल्याशिवाय कोणी आत जायचं नाही आणि ते एकच विचारायचे, "कसाले जावानं?"

"याला दाखवायला!" मी आतेभावाकडे बोट करत म्हटलं.

"मंग तू यानाकडे दखशी. पायकडे कोन दखी?"

आतेभाऊ फिदीफिदी हसला. नानांनी त्यालाच वांगी उलटवायला बसवलं आणि मला म्हणाले, "चाल. आता बघाले कोनी नही. जावानं का?"

काय सांगू, निम्मा उत्साह तिथेच गेला! पण डोह खरंच बघायचा होता, म्हणून निघाले. मध्ये एक उंबर कित्येक वर्षांपासून आडवा पडलेला, त्याच्या खालून वाकून गेलो. पुढचा खडक शेवाळाने नुसता चकाकत होता. एक पाय टाकला तोच सटकला. खडकाला धरून थांबले.

"नाना, माघारी फिरायचं का?"

नाना माझ्याआधी वळले! "मना गुडघा कवयना बोंबली राहिनात. म्हटलं, पोर कवय बोलस!" म्हणजे त्यांचे गुडघे केव्हाचे बोंबलत होते आणि मी कधी म्हणते याचीच ते वाट बघत होते!

बाहेर आलो तर आतेभाऊ वाटच बघत होता. "पोचलीस?"

खोटं बोलायचा मोह झाला, खरंच. पण म्हटलं, "नाही. उंबराच्या पुढे शेवाळ होतं, फिरले."

"कुठला उंबर?"

आता त्या उंबराखालून गेल्याशिवाय डोहाकडे जाताच येत नाही! मी नानांकडे पाहिलं, नानांनी टोपी डोळ्यांवर ओढली. आतेभाऊ एकदम वांग्यांवर वाकला आणि जोरजोरात फुंकायला लागला, तर राख सगळी त्याच्याच तोंडावर.

"धू तोंड," मी म्हटलं. "पुढच्या वेळी आपण दोघं जाऊ. सावकाश."

"चपला कोण राखेल?" तो पुटपुटला.


"मी शे ना," नाना म्हणाले आणि चपलांजवळ टेकले.